डबल म्हणजे डबल नव्हे

ब्रिजमध्ये समोरच्याने 'एक बदाम' म्हणून बोली उघडली, की आपण काय बोलायचं? शब्द मोजून ३८: ३५ बोल्या, पास, डबल, रीडबल. 'डबल'चा मूळ अर्थ, 'तुमचे हात होणार नाहीत, भरा दुप्पट दंड.' पण सातच हातांच्या बोलीला असं छातीठोक कोण म्हणणार? शब्द नुसताच पडून होता. १९१२-१३च्या सुमारास न्यूयॉर्कचे मेजर चार्ल्स पॅटन आणि सेंट लुईसचे ब्रायंट मॅकॅम्पबेल यांनी, एकमेकांना न विचारता, तो चक्क उलटा वापरला: 'भिडू, माझ्याकडे पानं आहेत, बदाम सोडून तुझा रंग सांग.' (कोडमधला बिनवापराचा फ्लॅग आपणही असाच पळवतो की!) धोका एकच. भिडू विसरून 'पास' म्हणाला, तर समोरचे दुप्पट गुण घेऊन जातात. गेल्या शनिवारी माझा भिडू नेमकं तेच म्हणाला.