कुलूपबंद घराला बिल कशाचे?

मे महिन्यात घराला कुलूप लावून सगळे गावी गेले, जाताना मेन स्विचही बंद केला, तरी पुढच्या महिन्यात विजेचे बिल येतेच. रक्कम लहान असते, पण शून्य नसते. वीज वापरलीच नाही, तर पैसे कशाचे? वर्गात विद्यार्थीही हा प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर बिलावरील 'स्थिर आकार' या ओळीत आहे. ही ओळ एका विचारातून आली असून तो विचार सव्वाशे वर्षांहून जुना आहे. विजेच्या ज्या गुणधर्मावर तो उभा आहे, त्याच गुणधर्मामुळे कधी कधी सबंध प्रांत अंधारात बुडतो. म्हणून हा इतिहास थोडक्यात पाहू या.

जस्ताच्या पट्ट्यांचे वजन

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. वीज डोळ्यांना दिसत नाही, मापाने ओतून देता येत नाही. मग ती विकायची कशी? एडिसनने विद्युत्-अपघटनाचा आधार घेतला. ग्राहकाच्या घरी झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या दोन पट्ट्या बुडवलेल्या असत. एकूण प्रवाहाचा एक लहानसा, ठरावीक अंश त्यांतून जाई आणि एका पट्टीवरील जस्त दुसरीवर बसे. कंपनीचा माणूस ठरावीक मुदतीने पट्ट्या नेऊन त्यांचे वजन करी आणि वजनातील फरकावरून बिल तयार होई. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून मापकाच्या पेटीत एक दिवाही ठेवलेला असे.

मापक मोठा कल्पक होता, पण तो फक्त एकूण बेरीज सांगे. वीज कोणत्या वेळी घेतली, सावकाश घेतली की एकदम, हे जस्ताला कळत नव्हते. पुढे फिरत्या तबकडीचे मीटर आले, तरी घरोघरच्या साध्या मीटरची ही उणीव राहिलीच.

हॉपकिन्सनचा हिशेब

ही उणीव किती महाग पडते, हे जॉन हॉपकिन्सन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९२ साली एका भाषणात स्पष्ट केले. त्याचा मुद्दा आपल्या घरगुती उदाहरणाने समजून घेऊ. एका घरात २०० वॅटची उपकरणे रोज १० तास चालतात. दुसऱ्या घरात २००० वॅटचा गीझर रोज १ तास चालतो. दोन्ही घरांचा महिन्याचा वापर ६० युनिट, म्हणजे ६० किलोवॅट-तास. मात्र दुसऱ्या घरासाठी दसपट क्षमता सज्ज ठेवावी लागते. जनित्र, रोहित्र, तारा हे सारे २००० वॅटच्या हिशेबाने बांधायचे आणि उरलेले २३ तास ते नुसते उभे ठेवायचे.

वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे फार खर्चाचे असते, म्हणून ती मागणी येईल त्याच क्षणी निर्माण करावी लागते. त्यामुळे खर्च दोन प्रकारचे होतात: सज्जतेचा आणि वापराचा. आकारणीही दोन भागांत व्हावी, असे हॉपकिन्सनचे म्हणणे होते. आपल्या बिलातील स्थिर आकार आणि वीज आकार ही त्याच विचाराची दोन अपत्ये होत. कुलूपबंद घरासाठीही खांब, तारा आणि रोहित्र उभेच असतात.

ब्रायटनची झगमगती दुकाने

इंग्लंडमधील ब्रायटन शहरात आर्थर राइट या अभियंत्याने या विचाराला उपकरणाची जोड दिली. ग्राहकाने एका वेळी जास्तीत जास्त किती प्रवाह घेतला, याची नोंद ते ठेवी. या कमाल मागणीच्या प्रमाणात पहिले काही युनिट महाग आणि पुढचे स्वस्त असत. म्हणजे दिवे जितका वेळ जास्त जळतील, तितका सरासरी दर कमी. १८९४ साली शिकागोचा वीज उद्योजक सॅम्युअल इन्सल इंग्लंडला आला असता ब्रायटनची लहानसहान दुकानेही विजेने झगमगत असल्याचे पाहून त्याला नवल वाटले. हीच पद्धत त्याने शिकागोत नेली.

इन्सलने आणखी एक गोष्ट ओळखली. सर्व ग्राहकांची गरज एकाच वेळी येत नाही. दिवसा कारखाने, सकाळ-संध्याकाळ ट्राम, रात्री दिवे, असे ग्राहक एकत्र जोडले तर तेच जनित्र अधिक तास कामी येते. आपल्या उदाहरणातील गीझर दहा घरांनी दहा वेगवेगळ्या तासांना लावले, तर दहांना मिळून २००० वॅटच पुरतील. सर्वांनी सकाळी सहालाच लावले, तर २०,००० वॅट लागतील. एकूण युनिट दोन्ही वेळा सारखेच!

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे कोयना. पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी किती पाणी वळवावे, यावर कृष्णा पाणीतंटा लवादाची वार्षिक मर्यादा आहे. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू करता येतात. म्हणून मागणी शिखरावर असतानाच कोयनेचे मोजके पाणी वापरणे शहाणपणाचे ठरते.

उतरत्या दरांकडून चढत्या दरांकडे

'जास्त वापरा, स्वस्त मिळेल' हे धोरण अनेक दशके चालले. १९७३ च्या तेलसंकटानंतर मात्र त्याचा फेरविचार झाला. आपल्याकडे घरगुती दर चढत्या टप्प्यांचे आहेत. त्यांबाबत एक गैरसमज नेहमी आढळतो. मीटर १०० च्या पुढे एक युनिट गेला की सर्व युनिटांना वरचा दर लागतो, असे अनेकांना वाटते. तसे नाही. महावितरणच्या घरगुती बिलात वरचा दर फक्त १०० च्या पुढील युनिटांनाच लागतो. स्वतःच्या बिलावर हे गणित मांडून पाहावे.

सज्जतेचा खर्च कोणी किती सोसावा, हा मात्र वादाचा प्रश्न आहे. दोन दिव्यांचे घर आणि वातानुकूलित घर यांचा स्थिर आकार सारखाच असेल, तर गरिबाच्या बिलात त्याचा वाटा मोठा होतो. यावर एक उपाय म्हणजे वेळेनुसार दर. फ्रान्समध्ये १९५६ पासून उच्च दाबाच्या ग्राहकांना असे दर लागू झाले. भारत सरकारच्या २०२३ च्या नियमांनी दिवसा, सूर्यप्रकाशाच्या तासांत, दर किमान २० टक्के कमी ठेवण्याची तरतूद केली. जस्ताच्या पट्टीला जे कळत नव्हते, ते आता वेळ नोंदवणाऱ्या मीटरला कळते.

सज्जता अपुरी पडते तेव्हा

मागणी आणि निर्मिती यांचा तोल ढळला की वारंवारता ५० हर्ट्झपासून सरकते. तारांवर पेलेल त्याहून जास्त भार आला, तर संरक्षक रिले त्या तोडतात आणि त्यांचा भार शेजारच्या तारांवर पडतो. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी कॅनडातील एका केंद्रात गरजेपेक्षा कमी भारावर बेतलेला एक रिले चालला आणि बघता बघता सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले. ३१ जुलै २०१२ रोजी आपल्या उत्तर, पूर्व आणि ईशान्य भागातील जाळी कोसळली आणि सुमारे ६० कोटी लोकांना त्याची झळ लागली. महाराष्ट्र त्या दिवशी वाचला, पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची पाळी आली.

अशा वेळी पुरवठा टप्प्याटप्प्यानेच परत येतो. बंद पडलेल्या औष्णिक केंद्राला पुन्हा सुरू होण्यासाठीच पंप आणि पंखे चालवायला वीज लागते. शिवाय सगळ्यांची उपकरणे एकदम चालू झाली, तर नव्याने जोडलेली तार पुन्हा तुटू शकते. म्हणून वीज गेल्यावर फ्रीज, मोटर, गीझर बंद करावेत आणि एकच दिवा चालू ठेवावा.

घरच्या तयारीतही हॉपकिन्सनचे दोन भाग दिसतात. इन्व्हर्टरची क्षमता म्हणजे एका वेळी किती वॅट, आणि बॅटरी म्हणजे एकूण किती वॅट-तास. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. घट आणि बॅटरीचे आयुष्य पाहता सुमारे १००० धरावेत. ७५ वॅटचे दोन पंखे आणि १० वॅटचे चार दिवे, म्हणजे १९० वॅट, त्यावर साधारण ५ तास चालतील. घरात रुग्णासाठी ऑक्सिजन देणारे ३५० वॅटचे यंत्र असेल, तर ते एकटेच जेमतेम ३ तास चालेल. अशा घरी भरलेला सिलिंडर हाताशी हवाच. हा हिशेब अंधार पडण्यापूर्वी करायचा असतो.

विद्यार्थ्यांना आपल्या घरातील उपकरणांचे वॅट, वापराचे तास आणि वापराची वेळ असा तक्ता करायला सांगावा. मग सर्वांचे तक्ते फळ्यावर एकत्र मांडून वर्गाची मागणी कोणत्या तासाला सर्वांत जास्त आहे, ते काढावे. त्यातील कोणती कामे दुसऱ्या तासाला ढकलता येतील, हे मुलेच सांगतील.