द्राक्षवेलाचा उपज आणि भारतातील वेदी

मिस्साबलीच्या द्राक्षारसाचा विषय निघाला की आपण त्याच्या ग्राह्यतेचा विचार करतो. तो वेदीपर्यंत पोहोचला कसा, याचा विचार क्वचितच करतो. धर्मशिक्षणास उपयोगी पडावा म्हणून तो इतिहास येथे थोडक्यात मांडीत आहोत.

पोर्तुगालच्या दक्षिणेकडील अलेंतेजो हा प्रदेश उष्ण व कोरडा आहे. तेथे त्रिंकादेइरा या काळ्या द्राक्षांपासून तांबडा द्राक्षारस काढतात. उत्तरेस दोरू नदीच्या खोऱ्यात याच जातीला तिंता अमारेला म्हणतात. ऊन व अवर्षण ही वेल सोसते. परंतु पिकण्याच्या सुमारास पाऊस झाल्यास तिचे घड कुजतात. 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तेव्हा त्यांची उपासना येथे आली. अशी द्राक्षे मात्र कोकणच्या पावसात रुजणारी नव्हती. द्राक्षारस गलबतांतूनच आणावा लागे.

मलबारातील संत थोमाच्या ख्रिस्ती जनांपुढे ही अडचण पूर्वीपासूनच होती. मक्का व होर्मुझहून येणारे मनुके ते रात्रभर पाण्यात भिजवीत आणि दुसऱ्या दिवशी पिळून त्याचा रस मिस्सेसाठी घेत, असे दुआर्ते बार्बोझा याने सोळाव्या शतकाच्या आरंभी नोंदविले आहे. पुढे 1599 च्या उदयंपेरूर धर्मपरिषदेने, पोर्तुगालच्या राजाने दरवर्षी द्राक्षारस दानरूपाने पाठवावा, अशी इच्छा प्रकट केली. लांबच्या प्रवासात द्राक्षारस आंबू नये म्हणून त्यात द्राक्षांचाच मद्यार्क मिसळण्यास रोमने 1896 साली अनुमती दिली. मात्र एकूण प्रमाण 18 टक्क्यांपलीकडे जाऊ नये, अशी अट घातली.

आज चित्र पालटले आहे. गोदावरीकाठच्या मंचेरियल येथे आदिलाबाद धर्मप्रांताचे पीठ आहे. चांदा धर्मप्रांतातून 1999 साली वेगळा झालेला हा सिरो-मलबार धर्मप्रांत मनुके भिजविणाऱ्या त्या जनांचाच वारस होय. याच गोदावरीच्या उगमाकडे, नाशिक जिल्ह्यात, पावसाळा सरल्यावर छाटणी करून कोरड्या दिवसांत द्राक्षे पिकवितात. अलेंतेजोत अरागोनेझ म्हणून ओळखली जाणारी टेंप्रानिल्यो ही जातही तेथे लावली गेली आहे.

लॅटिन धर्मसभेच्या 1983 च्या संहितेतील 924 वे कलम आणि पौर्वात्य धर्मसभांच्या 1990 च्या संहितेतील 706 वे कलम एकच गोष्ट सांगतात: द्राक्षारस द्राक्षांचा, नैसर्गिक व न नासलेला असावा. जात, रंग वा देश यांचा त्यांत उल्लेख नाही. म्हणून वेदीवरील द्राक्षारस परकीय असावा लागतो, हा समज आपण दूर केला पाहिजे. त्याचबरोबर, ताडीमाडीच्या मुलखात राहूनही जे मनुक्यांच्या गलबतांची वाट पाहत राहिले, त्यांची निष्ठाही आपण लोकांना सांगितली पाहिजे. द्राक्षे जवळ आली, म्हणून त्या निष्ठेचे मोल उणे होत नाही.