दहा शिलिंगांचा अपराध

फुटबॉलच्या खेळांत नांव होतें तें गोल करणाराचें. पाठीमागें उभें राहून गोल होऊं न देणाराचें क्वचितच होतें. झालेल्या गोलांची नोंद राहते. न झालेल्या गोलांची नोंद कोण ठेवणार? इंग्लंडांतील प्रेस्टन येथील ‘डिक, कर लेडीज’ या स्त्रियांच्या संघाची कर्णधार ॲलिस केल ही अशाच पिछाडीच्या जागेवर खेळणारी होती. तिच्या संघांतील लिली पार हिचे गोल लोक आजहि मोजतात, आणि मँचेस्टरच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयांत तिचा पुतळाहि उभा आहे. केलचें नांव मात्र जाणत्यांपुरतेंच उरलें आहे. तथापि, स्त्रियांनीं खेळावें कीं नाहीं, आणि खेळल्या तर त्यांच्या श्रमाचें मोल द्यावें कीं नाहीं, हा वाद समजून घ्यावयाचा असेल, तर पार हिच्या गोलांपेक्षां केल हिच्या कारकीर्दीकडेच पाहावें लागतें, असें आमचें मत आहे.

डिक, कर आणि कंपनी हा ट्रामगाड्या तयार करणारा कारखाना. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, पुरुष रणभूमीवर गेले, आणि दारूगोळा तयार करण्याच्या कामावर तरुण स्त्रिया आल्या. कामाच्या सुटींत त्या आवारांत चेंडू खेळूं लागल्या. तो खेळ कचेरींतील आल्फ्रेड फ्रँकलंड नांवाच्या गृहस्थाच्या दृष्टीस पडला, आणि त्यानें पुढाकार घेऊन त्यांच्या संघाची व्यवस्था हातीं घेतली. २५ डिसेंबर १९१७ रोजीं, नाताळच्या दिवशीं, प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर दुसऱ्या एका कारखान्यांतील मुलींशीं त्यांचा सामना झाला. जखमी सैनिकांच्या रुग्णालयास साह्य व्हावें, हा त्यामागील हेतु. दहा हजार लोक जमले, आणि डिक, करच्या मुलींनीं चार गोलांनीं सामना जिंकला. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. स्त्रियांसाठीं मैदानाचें दार उघडलें तें धर्मादायाच्या किल्लीनें. आणि किल्ली ज्याच्या हातीं, त्याला दार पुन्हां लावतांहि येतें.

केल ही ‘बॅक’ म्हणून खेळे. त्या काळीं संघांत बॅक दोनच असत. १९२५ पर्यंतच्या ‘ऑफसाइड’ नियमाप्रमाणें, चेंडू पुढें टाकला जात असतां चढाई करणाऱ्या खेळाडूच्या पुढें प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू असावे लागत. त्यामुळें बॅकचें काम केवळ आडवें जाऊन चेंडू दूर लाथाडण्याचें नव्हतें. दोघींपैकीं एक नेमक्या क्षणीं दोन पावलें पुढें सरकली, कीं प्रतिपक्षाची सारी चढाई फुकट जाई. तो क्षण चुकला तर मात्र मागें एक सोबतीण आणि एक गोलरक्षक एवढ्याच उरत. या जागेवर पायांइतकेंच डोळ्यांचें व डोक्याचें काम असतें. ज्या खेळाडूला सारें मैदान समोर दिसतें, तिच्याकडे नेतृत्व असावें, हें योग्यच होतें.

युद्ध संपलें, पण खेळ संपला नाहीं. १९२० च्या वसंतांत फ्रान्समधील स्त्रियांचा संघ इंग्लंडांत आला. डीपडेलवर सुमारे पंचवीस हजार लोकांसमक्ष झालेला पहिला सामना केलच्या संघानें २–० असा जिंकला. लंडनमधील अखेरच्या सामन्यांत फ्रेंच मुलींनीं २–१ अशी परतफेड केली. केल आणि फ्रेंच कर्णधार मादलेन ब्राकमों या एकमेकींचें चुंबन घेऊन स्वागत करीत असल्याचें त्या वेळचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्याच वर्षीं हिंवाळ्याच्या तोंडीं केलचा संघ फ्रान्समध्यें चार सामने खेळून आला, आणि त्यांतला एकहि हरला नाहीं.

परंतु कळस झाला तो १९२० च्या नाताळांत, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर. सेंट हेलेन्सच्या संघाशीं सामना होता. सुमारे ५३,००० लोक आंत होते, आणि जागेअभावीं हजारों लोक दाराबाहेर राहिले. संघाची मुख्य गोल करणारी फ्लॉरी रेडफर्ड गाडी चुकल्यामुळें पोंचूं शकली नव्हती. मध्यंतरापर्यंत केलच्या संघाचा एकच गोल झाला होता. उत्तरार्धांत केल आपली पिछाडीची जागा सोडून आघाडीला गेली, आणि तिनें स्वतः तीन गोल केले. सामना ४–० असा जिंकला गेला, आणि धर्मकार्यासाठीं तीन हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली.

या साऱ्यांतून मुलींच्या पदरांत काय पडे? बुडालेली मजुरी आणि किरकोळ खर्च यांबद्दल दिवसाला दहा शिलिंग. पुढें वादळ उठलें तें अशाच रकमांवरून. दैवाची गंमत अशी, कीं खेळाबद्दल पैसे घेण्याचा हा वाद पुरुषांसाठीं याच प्रेस्टन गांवानें पूर्वीं लढून जिंकला होता. १८८४ सालीं प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबनें आपण खेळाडूंना पैसे देतों, हें उघडपणें कबूल केलें. फुटबॉल असोसिएशननें त्याला चषकाच्या स्पर्धेंतून काढून टाकलें. उत्तरेकडील क्लबांनीं फुटून निघण्याची भाषा केली. आणि १८८५ सालीं असोसिएशनला पगारी खेळाडू मान्य करावे लागले. गिरणींत राबणाऱ्याला मजुरी बुडवून फुकट खेळणें परवडत नाहीं, हें त्या वेळीं सर्वांस पटलें. डीपडेल हें त्याच क्लबचें मैदान. छत्तीस वर्षांनीं गिरणी-कारखान्यांतल्या मुलींनीं तेंच म्हटलें, तेव्हां मात्र तें कोणास पटेना.

५ डिसेंबर १९२१ रोजीं असोसिएशननें ठराव केला. फुटबॉल हा खेळ स्त्रियांना योग्य नाहीं व त्यास उत्तेजन देऊं नये, हा त्याचा पहिला भाग. उत्पन्नाचा फार मोठा वांटा खर्चांत जातो व धर्मादायास थोडा पोंचतो, हा दुसरा. आणि म्हणून असोसिएशनच्या क्लबांनीं आपलीं मैदानें अशा सामन्यांस देऊं नयेत, हा निष्कर्ष. पहिल्या भागाला डॉक्टरांची साक्ष मिळाली. हा खेळ स्त्रीच्या शरीरास झेपणारा नाहीं, असें सांगणाऱ्यांत लंडनच्या डॉ. मेरी शार्लीब होत्या. या बाई १८७५ सालीं मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळविणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकीं एक. ज्यांनीं स्वतः एक बंद दार उघडलें, त्यांनींच दुसरें लावण्यास हातभार लावावा, हें नवल खरें. पण इतिहासांत असें नवल वारंवार दृष्टीस पडतें.

आमच्या मतें ठरावाचा खरा डंख दुसऱ्या भागांत आहे. शरीराच्या नाजुकपणाचा प्रश्न युद्धकाळीं कोणास अडला नव्हता. याच हातांकडून तेव्हां तोफगोळे तयार करून घेतले जात होते. राहिला प्रश्न हिशेबाचा. धर्मादायाचे हिशेब चोख असावे, ही अपेक्षा मुळींच गैर नाहीं. पण शंका होती तर हिशेब तपासावयाचे. मैदान बंद करण्याचें कारण काय? शिवाय, १९२१ सालीं मालकांनीं कामाबाहेर ठेवलेल्या खाणकामगारांच्या कुटुंबांसाठींहि ठिकठिकाणचे स्त्रियांचे संघ खेळले होते, ही गोष्ट कित्येक प्रतिष्ठितांना रुचली नव्हती, असें कांहीं इतिहासकार म्हणतात. सैनिकांसाठीं पवित्र ठरलेला पैसा मजुरांसाठीं संशयास्पद ठरला.

केलनें यावर दिलेलें उत्तर तिच्या खेळासारखेंच शांत आणि मुद्द्याला धरून आहे. आम्ही कामकरी मुली. मजुरी बुडवून गांवोगांव खेळत फिरणें आणि वर पदरमोड करणें आम्हांस शक्य नाहीं. बुडालेल्या वेळेची भरपाई कां मिळूं नये, हें आम्हांस कळत नाहीं. आणि दिवसाला दहा शिलिंगांहून अधिक कोणासहि मिळत नाहीं, असा त्याचा मथितार्थ. तिनें दया मागितली नाहीं, कौतुकहि मागितलें नाहीं. मागितली ती मजुरी.

पुढें १९२२ सालीं केल संघाबरोबर अमेरिकेस गेली. कॅनडांत तेथील असोसिएशननें खेळूं दिलें नाहीं; अमेरिकेंत स्त्रियांचा संघ न मिळाल्यानें पुरुषांशीं नऊ सामने खेळावे लागले, आणि त्यांतले तीन जिंकले, तीन बरोबरींत सुटले, तीन हरले. परत येऊन त्यांना मिळालीं तीं गांवाबाहेरचीं साधीं मैदानें. ज्यांच्यासाठीं पन्नास हजार लोक जमले होते, त्यांच्याकडे पाहणारे हळूहळू विरळ झाले. संघ नेटानें १९६५ पर्यंत चालला आणि मग बंद पडला. बंदी उठली ती त्यानंतर, १९७० च्या सुमारास. असोसिएशननें क्षमा मागितली ती २००८ सालीं.

या हकिकतीचा शेवट दुसऱ्याच एका पिछाडीच्या खेळाडूनें व्हावा, हें उचितच आहे. १९९१ सालीं जन्मलेल्या लूसी ब्राँझ हिला बाराव्या वर्षीं, नियमावर बोट ठेवून, मुलांच्या संघांतून बाहेर काढण्यांत आलें. शिकत असतां तिनें पोटासाठीं पिझ्झाच्या दुकानांत काम केलें. २०१८ पासून इंग्लंडांतील स्त्रियांच्या पहिल्या श्रेणीच्या क्लबांना आपल्या खेळाडू पूर्णवेळ पगारी ठेवाव्या लागतात. २०२० सालीं जगांतील सर्वोत्कृष्ट स्त्री-खेळाडू म्हणून ब्राँझची निवड झाली. पिछाडीला खेळणाऱ्या स्त्रीला हा मान त्यापूर्वीं कधींच मिळाला नव्हता. २०२२ सालीं वेम्ब्लीवर तिच्या संघानें युरोपचें अजिंक्यपद मिळविलें, त्या वेळीं ८७,१९२ लोक हजर होते.

या आंकड्याकडे पाहून नवयुग अवतरलें, असें म्हणण्याचा मोह होतो. पण गुडिसन पार्कवर १९२० सालींच ५३,००० लोक आले होते. प्रेक्षक तेव्हांहि होते, खेळहि होता, खेळणाऱ्याहि होत्या. मधलीं पन्नास वर्षें जी गोष्ट नाकारली गेली, ती म्हणजे चांगल्या मैदानावर खेळण्याची मुभा आणि एका दिवसाच्या श्रमाचे दहा शिलिंग.