एका ओळीची शपथ

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष सैन्याचा सरसेनापती असतो आणि संघराज्याच्या साऱ्या कारभाराचा प्रमुखही. मंत्री, राजदूत, सेनानी यांच्या नेमणुका त्याच्या हातून होतात. तरीही त्याच्या हाताखालचा एकही सरकारी नोकर किंवा लष्करी अधिकारी कामावर रुजू होताना त्याच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेत नाही. शपथ असते राज्यघटनेच्या रक्षणाची. आज ही रीत अमेरिकी माणसाला इतकी स्वाभाविक वाटते, की तिच्यामागे केवढी भीती, केवढा रक्तपात आणि किती फेरफार आहेत हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

युरोपात सैन्य राजाचे असे आणि शपथही राजाच्याच नावाने. १४ जून १७७५ रोजी अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसने स्वतःचे सैन्य उभारायचे ठरवले, तेव्हा अडचण आली ती इथेच. ज्याच्याशी लढायचे त्या राजाचे नाव घेता येत नव्हते, आणि ज्या देशासाठी लढायचे तो देश अजून जन्माला यायचा होता. म्हणून शिपायाच्या प्रतिज्ञेत एवढेच आले, की मी स्वखुशीने एका वर्षासाठी सैन्यात भरती होत आहे आणि या सैन्याचे नियम पाळीन. त्यात ना राजा होता, ना देश, ना सेनापती. निष्ठा फक्त नियमांशी होती. पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज मला त्या साध्या प्रतिज्ञेत दिसते.

स्वातंत्र्य जाहीर झाल्यावर एवढ्याने भागेना. सैन्यात राजाचे छुपे समर्थक असल्याची धास्ती होती. ३ फेब्रुवारी १७७८ रोजी काँग्रेसने अधिकाऱ्यांसाठी नवी शपथ ठरवली. संयुक्त संस्थाने स्वतंत्र आहेत, तिसऱ्या जॉर्ज राजाशी माझे काही देणेघेणे नाही, आणि त्याच्याविरुद्ध, त्याच्या वारसांविरुद्ध मी या देशाचे रक्षण करीन. फॉर्म छापून आले आणि व्हॅली फोर्जच्या छावणीत एकेक अधिकारी सही करू लागला. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १२ मे रोजी लॉर्ड स्टर्लिंग यांच्यासमोर सही केली. म्हणजे सरसेनापतीही शपथेच्या वर नव्हता. त्याच महिन्याच्या ३० तारखेला तिथेच, हेन्री नॉक्स यांच्यासमोर, आणखी एका सेनानीने सही केली. त्याचे नाव बेनेडिक्ट आर्नल्ड. दोन वर्षांनी, १७८० मध्ये, हाच माणूस वेस्ट पॉइंटचा किल्ला इंग्रजांच्या हवाली करण्याच्या कटात उघडा पडला आणि शत्रूला जाऊन मिळाला. शपथेचे बळ किती आणि तिची मर्यादा कुठे, हे त्या देशाला जन्मतःच कळले होते.

१७८७ मध्ये घटना लिहिली गेली. सहाव्या कलमाने संघराज्यातल्या आणि राज्यांतल्याही सर्व आमदारांना, अधिकाऱ्यांना, न्यायाधीशांना घटनेला पाठिंबा देण्याच्या शपथेने बांधले, आणि त्याच दमात संघराज्याच्या कोणत्याही पदासाठी धर्माची अट घालायची नाही असेही सांगितले. शब्द मात्र दिले ते फक्त राष्ट्राध्यक्षांच्या शपथेचे. घटनेचे जतन, संरक्षण आणि बचाव करण्याचे ते वचन दुसऱ्या कलमात आहे आणि आजवर त्यात काना-मात्रेचा फरक झालेला नाही. आपल्या राष्ट्रपतींची शपथ भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ६० मध्ये आहे. ती त्या शपथेशेजारी ठेवून वाचली, तर शब्दरचनेतले नाते लगेच लक्षात येते. आपल्याकडे कायद्याचे रक्षण आणि जनतेची सेवा यांची भर पडली आहे.

बाकीच्यांची शपथ ठरवणे हे नव्या काँग्रेसचे अगदी पहिले काम ठरले. वॉशिंग्टन यांनी १ जून १७८९ रोजी सही केलेला पहिलाच कायदा शपथेचा आहे. मी संयुक्त संस्थानांच्या राज्यघटनेला पाठिंबा देईन, एवढी एकच ओळ. ज्यांना धर्मश्रद्धेमुळे शपथ वर्ज्य होती, त्यांच्यासाठी दृढकथनाची सोय होती. त्याच वर्षी सप्टेंबरात सैन्यासाठी कायदा झाला आणि तिथे राष्ट्राध्यक्षांचे नाव आले: आधी घटनेची शपथ, मग राष्ट्राध्यक्षांचे व वरिष्ठांचे हुकूम पाळण्याची. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. उलट जर्मनीत २ ऑगस्ट १९३४ रोजी, अध्यक्ष हिंडेनबर्ग वारले त्याच दिवशी, सैन्याकडून हिटलरच्या नावाने बिनशर्त आज्ञापालनाची शपथ घेववण्यात आली. पुढे हिटलरविरुद्धच्या कटात सामील होण्याची वेळ आली तेव्हा कितीतरी सेनाधिकाऱ्यांनी त्याच शपथेकडे बोट दाखवून पाय मागे घेतला.

अमेरिकेतल्या एका ओळीच्या शपथेने सत्तर वर्षे काम चालवले. १८६१ मध्ये दक्षिणेतली राज्ये फुटून निघाली, तेव्हा ती किती तोकडी आहे ते उघड झाले. बंडखोर सरकारचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस हे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचे पदवीधर, माजी युद्धमंत्री आणि माजी सिनेटर होते. म्हणजे त्या घटनेची शपथ त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा घेतली होती. सुमारे ३०० लष्करी अधिकारी नोकरी सोडून दक्षिणेला गेले. रॉबर्ट ई. ली त्यांतलेच. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी एप्रिलमध्ये सर्व सरकारी नोकरांना नव्याने शपथ घ्यायला लावली. २ जुलै १८६२ रोजी काँग्रेसने जो कायदा केला, तो पोलादी शपथ म्हणून ओळखला जातो. तिचा पहिला भाग भूतकाळाचा होता: मी या देशाविरुद्ध कधीही स्वखुशीने शस्त्र उचललेले नाही, बंडखोरांना मदत केलेली नाही. दुसरा भविष्याचा: देशाबाहेरच्या आणि देशातल्या सर्व शत्रूंपासून मी घटनेचे रक्षण करीन, मनात काही राखून न ठेवता. ‘देशातल्या शत्रूं’चा उल्लेख तेव्हाचा आहे. शेजारच्या टेबलावरचा कारकूनच शत्रूच्या बाजूचा असू शकतो, या भयाने तो लिहिला गेला. या कायद्यातून एकच पद वगळले होते, राष्ट्राध्यक्षांचे, कारण त्यांची शपथ घटनेतच लिहिलेली.

युद्ध संपल्यावर भूतकाळाचा भाग गळ्यातले लोढणे झाला. वकिलांना तो लागू करणे घटनाबाह्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १८६७ मध्ये सांगितले. तो दावा लावणारे ऑगस्टस गारलंड पुढे १८८५ मध्ये त्याच देशाचे अ‍ॅटर्नी जनरल झाले. लींनीही २ ऑक्टोबर १८६५ रोजी निष्ठेच्या शपथेवर सही केली होती. तो कागद सरकारी दप्तरात पडून राहिला, थेट १९७० मध्ये सापडला, आणि १९७५ मध्ये त्यांना मरणोत्तर नागरिकत्व परत मिळाले.

शपथ घटनेची असली, तरी नोकरी पक्षाची होती, हे मात्र या सगळ्या काळात खरे होते. राष्ट्राध्यक्ष बदलला की पोस्टमास्तरापासून जकात कारकुनापर्यंत माणसे बदलत. पगारातून पक्षासाठी वर्गणी कापली जाई. २ जुलै १८८१ रोजी चार्ल्स गिटो याने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. प्रचाराच्या बदल्यात आपल्याला पॅरिसमध्ये वकिलातीचे पद मिळायलाच हवे, असे त्याच्या डोक्याने घेतले होते. गारफिल्ड सप्टेंबरात गेले. १६ जानेवारी १८८३ रोजी पेंडल्टन कायदा झाला; सुरुवातीला जेमतेम दहा टक्के जागांसाठी का होईना, परीक्षा आली आणि सक्तीची वर्गणी बेकायदा ठरली. १३ मे १८८४ रोजी पोलादी शपथेतला भूतकाळाचा भाग रद्द झाला. उरलेला भाग हीच आजची शपथ. हे दोन कायदे मला एकत्रच वाचावेसे वाटतात. नोकरी साहेबाच्या मर्जीवर टिकत असेल, तर घटनेवरची निष्ठा कारकुनाला परवडत नाही.

विसाव्या शतकात प्रश्न पडला तो अर्थाचा. कोरियातल्या युद्धावरून जाहीर मतभेद करणाऱ्या जनरल मॅकार्थर यांना राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ११ एप्रिल १९५१ रोजी दूर केले. त्यानंतर मॅकार्थर यांनी भाषणांतून मांडले, की सैनिकाची निष्ठा तात्पुरत्या सत्ताधाऱ्यांशी नसून देशाशी आणि घटनेशी असते. वाक्य ऐकायला रास्त आहे, पण त्यांच्या तोंडी ते चुकीचे होते. राष्ट्राध्यक्षाला सरसेनापती करते ती घटनाच. त्याचा कायदेशीर हुकूम मानणे हा त्या शपथेचाच भाग आहे. नुसत्या मतभेदाने तो हुकूम झुगारता येत नाही. बेकायदा हुकूम मात्र मानायचा नसतो. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय इथे अमेरिकी सैनिकांनी निःशस्त्र गावकऱ्यांची कत्तल केली. त्यातल्या लेफ्टनंट कॅली यांचा ‘हुकूम पाळला’ हा बचाव लष्करी न्यायालयाने फेटाळला. कत्तलीच्याच दिवशी हेलिकॉप्टरचालक ह्यू थॉम्सन यांनी आपल्याच सैनिकांच्या आणि गावकऱ्यांच्या मध्ये हेलिकॉप्टर उतरवून काही जीव वाचवले. मुलकी बाजूचा दाखला २० ऑक्टोबर १९७३ चा. वॉटरगेट प्रकरणाचा तपास करणाऱ्या आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढा, असे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सांगितले. अ‍ॅटर्नी जनरल रिचर्डसन यांनी नकार देऊन राजीनामा दिला, त्यांच्या खालच्या रकलशॉस यांनीही नकार दिला. तिसऱ्याने, रॉबर्ट बोर्क यांनी, हुकूम पाळला.

आजही संघराज्याच्या सेवेत येणारा माणूस ‘स्टँडर्ड फॉर्म ६१’ या कागदावर सही करतो. वर १८८४ पासूनची शपथ असते. तिच्याखाली सरकारविरुद्ध संप करणार नाही, असे प्रतिज्ञापत्र. ऑगस्ट १९८१ मध्ये विमान वाहतूक नियंत्रकांनी संप केला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी हेच वचन पत्रकारांसमोर वाचून दाखवले आणि ११ हजारांहून अधिक जणांना घरी पाठवले. पगार आणि कामाचे तास यांच्या भांडणाला घटनेच्या शपथेशेजारी बसवणे मला पटत नाही, पण कायदा तसाच आहे. आणि शेवटी तिसरे प्रतिज्ञापत्र, सर्वांत छोटे: ही नेमणूक मिळवण्यासाठी मी किंवा माझ्या वतीने कुणीही, कुणालाही काही दिलेले नाही.