परीक्षा नेमके काय मोजते?

१/ १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. अध्यापन महाविद्यालयांनी करावे, परीक्षा विद्यापीठाने घ्यावी, अशी ती विभागणी. शिकवणारा एक आणि मोजणारा दुसरा, ही रीत आपल्याकडे तेव्हापासून रुजली.

२/ परीक्षेचा वेगळा विचार पुढे अमेरिकेत घडला. १९२९ साली राल्फ टायलर ओहायो राज्य विद्यापीठात रुजू झाले. प्राध्यापकांना अध्यापन व परीक्षा सुधारण्यास साहाय्य करणे, हे त्यांचे काम.

३/ जीवशास्त्राच्या प्राध्यापकांपुढे त्यांनी प्रश्न ठेवला : हा विषय शिकून विद्यार्थ्याला काय करता यावे? अपेक्षा होती ती प्रयोगाचा अर्थ लावण्याची, तत्त्व अपरिचित उदाहरणास लागू करण्याची. प्रश्नपत्रिका मात्र प्रामुख्याने स्मरणशक्तीच तपासत होत्या.

४/ वर्षभरानंतर पुन्हा चाचण्या घेतल्या, तेव्हा पाठ केलेली नावे व संज्ञा बऱ्याच अंशी विस्मरणात गेल्या होत्या. अर्थ लावण्याची क्षमता मात्र टिकून होती. म्हणजे जे सर्वांत लवकर पुसले जाते, त्यालाच गुण दिले जात होते.

५/ टायलर यांचे शिष्य बेंजामिन ब्लूम यांनी सहकाऱ्यांसह १९५६ साली शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी ते भारतात आले आणि परीक्षासुधारणेच्या कार्यशाळांतून येथील शिक्षकांना त्यांनी मार्गदर्शन केले.

६/ आज अभ्यासक्रमाच्या आरंभीच ‘अध्ययन निष्पत्ती’ छापलेल्या असतात. त्या यादीशेजारी आपली प्रश्नपत्रिका ठेवून पाहावी. टायलर यांचा प्रश्न जुना झाला की नाही, ते तेथेच कळते.