कोर्नारोचं माप

मंडळी, व्हेनिसच्या लुईजी कोर्नारोकडे पाहू. अतिखाण्यानं चाळिशीपर्यंत तब्येत पार ढासळली. वैद्यांनी मिताहार सांगितला. मग रोज 12 औंस अन्न, 14 औंस वाइन. घरच्यांच्या आग्रहाखातर दोन-दोन औंस वाढवले, तर आजारी पडला! त्याचं पुस्तक 1558 मध्ये पादुआत छापलं गेलं. 1566 मध्ये गेला, तेव्हा ऐंशी ओलांडली होती.

नीत्शेनं 1889 च्या ग्रंथात आक्षेप घेतला : मिताहारानं आयुष्य वाढलं नाही, मुळात प्रकृतीच मंद, म्हणून त्याला कमी पुरायचं. म्हणजे कार्यालाच कारण मानलं!

आम्हां सत्तरीतल्यांना दोघांचंही ऐकणं भाग आहे. रात्रीचं जेवण आम्ही कमी केलं खरं. पण जिना चढताना पाय थरथरले, तेव्हा भाकरी पुन्हा वाढवली.