पान, भाकर आणि पाठ

मूर्तिजापूरहून निघालेली छोटी गाडी अंजनगावच्या स्टेशनात थांबते आणि तुम्ही खाली उतरता. साल १९५७, जूनचा पहिला आठवडा. इंजिनाचा धूर वर चढत नाही, रुळांवरच रेंगाळतो. चार पावलं चालेपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला असतो. चहावाला एका आण्याचे सहा नवे पैसे बोटांवर मोजून घेतो. ही नाणी १ एप्रिललाच चालू झालीत, त्याच्या गल्ल्यात जुनी आणि नवी शेजारी शेजारी पडली आहेत.

उत्तरेला सातपुड्यावर ढग आहेत, पण पाऊस नाही. वैशाखात इथली हवा भट्टीसारखी कोरडी असते. तेव्हा माठातून पाझरलेलं पाणी झटक्यात उडून जातं, जाताना उष्मा घेऊन जातं आणि पाणी गार होतं. रोहिणी लागल्या की हवेत ओल शिरते. मग घाम सुकत नाही, माठ निवत नाही. दाराची वाळ्याची ताटी भिजवली तरी नुसती ठिबकत राहते. वऱ्हाडात याला म्हणतात उबारा.

धाब्याच्या घरात शिरलात की जाड भिंती थोडा दिलासा देतात. घरची सून गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवते. "पाव्हणे, आंधी पाय धुवा." तिशीतली असेल. पदर खोचलेला, कपाळावर पिठाचा पांढरा डाग. अंगण तिनं पहाटेच झाडलंय. गाडगेबाबांचं शेंडगाव याच मुलखातलं. गेल्या २० डिसेंबरला बाबा वलगावजवळ गेले, पण त्यांनी हाती धरलेला खराटा इथल्या दारादारांत अजून सकाळी उठतो.

ओसरीत बाजेवर सासू आहे. दिवाळीनंतर लकवा आला, उजवं अंग गेलं. डावा हात चालतो, बोलणं मात्र जिभेत अडकतं.

तुम्ही भिंतीला टेकून बसता आणि बघत राहता.

सून चुलीपुढे भाकर थापते. तव्यावर टाकते, वरून पाणी फिरवते, उलटते, मग आरावर फुगवते. भाकरीवरून हात निघाला की ती बाजेकडे जाते. "आत्याबाई, या कुशीवर घेतो तुमाले." एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. म्हातारी वळते. पाठीखालचं केळीचं पान गरम झालेलं असतं, ते काढून ती मळ्यातून आलेलं ताजं, गार पान अंथरते. पाठ कोरड्या फडक्यानं टिपते. माकडहाडाजवळ एक जागा लाल दिसते. ती बोटानं दाबून बघते, लाली विरते की नाही. विरली. तेव्हा तिचा श्वास सुटतो. एकाच जागी भार राहिला की तिथलं रक्त अडतं, घामानं भिजलेली कातडी नरम पडते आणि मग जखम होते, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. ते तिच्या बोटांना कळतं.

मग ज्वारीची पातळ आंबील. ती मानेखाली उशी सरकवते, चमचा तोंडाच्या डाव्या बाजूनं देते आणि घोट उतरेपर्यंत थांबते. एका वाटीला अर्धा तास जातो. ती घाई करत नाही.

दुपारी नवरा पानमळ्यातून येतो. पानवेलीला ना ऊन सोसतं, ना कोरडा वारा. हेट्याच्या आणि शेवरीच्या सावलीत, थोड्या थोड्या पाण्यावर तिला लेकरासारखं जपावं लागतं. खुडलेल्या पानांची टोपली तो खाली ठेवतो. "मिरगाशिवाय हा उबारा जात नाही," म्हणतो आणि तिथेच आडवा होतो. सून टोपलीशी बसते. एकेक पान हातात घेते, डागाळलेलं बाजूला काढते, वरची पानं खाली, खालची वर करते. न फिरवलेली पानं या हवेत दोन दिवसांत सडतात.

लहानपणी तुम्हाला कुणीतरी कोडं घातलं होतं. भाकर का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एकच. इथे, या ओसरीत, त्या कोड्यात घोड्याच्या जागी माणसाची पाठ आलेली तुम्हाला दिसते. दिवसभर ही बाई हेच करते आहे. फिरवणं.

इतिहासाच्या पुस्तकांत हे गाव एका तहासाठी आहे. ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावला तह झाला. तो कागद जपला गेला. या ओसरीत किती वेळा कूस बदलली गेली, ते कुणी लिहून ठेवलं नाही. ते लिहिण्याजोगं होतं.

रात्री वारा पूर्ण पडतो. चौघं मिळून बाज अंगणात आणतात. सून पायथ्याशी बसून विंझणा हलवत राहते. हळूहळू तिची मान कलते, विंझणा बाजेच्या कडेवर पडतो. म्हातारी जागी आहे. तिचा डावा हात चाचपडत सरकतो, दांडा सापडतो. वारा आता उलट दिशेनं जातो, सुनेच्या घामेजल्या मानेवर. ती दचकून उठू बघते. सकाळपासून न बोललेली म्हातारी एक शब्द कसाबसा बाहेर काढते. "नीज."

तुम्ही परत येता. कूलर घरघरतो आहे, औषधांच्या वेळा मोबाईलमध्ये आहेत, पलंगावर हवेची गादी आहे. तरीही दर दोन तासांनी कुणाला तरी उठावंच लागतं, कारण कूस बदलायला हातच लागतात. तुमच्याही घरात ते हात बहुधा एकाच माणसाचे आहेत. रात्रीचे दोन वाजलेत आणि ते माणूस उठायला निघालंय.

त्याच्या खांद्यावर हात ठेवा. म्हणा, "नीज. मी आहे."